जपानी वळणाच्या माझ्या कादंबरीत आज्जा भात शोधतात

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, नंदगडच्या बाजूचा. बेळगावात एका छापखान्यात अक्षरजुळणी करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं, मराठी आणि कन्नड दोन्ही. सकाळची साडेसातची बस धरतो, रात्री साडेआठला घरी येतो. जेवण झालं की एक-दीड तास माझा. त्या वेळात गेली चार वर्षं एक कादंबरीमालिका लिहितोय. तीन भाग ठरवलेत. पहिला पुरा झालाय, वहीची ३४० पानं.

मुलूख माझ्या मनातला आहे, नकाशात सापडणार नाही. पण त्याचा सांगाडा जपानच्या सरंजामी काळाचा आहे. क्योटोत १४६७ साली ओनिनचं युद्ध पेटलं आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षं तिथे सरदार सरदाराच्या उरावर बसला, तो काळ. माझ्या नायिकेचं नाव आसा. जपानीत आसा म्हणजे सकाळ, आणि आपल्या कानालाही ते परकं लागत नाही, म्हणून घेतलं. चाळीस गावांच्या एका खोऱ्याच्या सरदाराची ती मुलगी. तिला एक देणगी आहे: म्यानातलं पोलादही तिला ऐकू येतं. कुणी तलवारीच्या मुठीला हात घालायच्या आधीच तिच्या कानात बारीक नाद सुरू होतो. शिवाय धुक्यातून चालणारे मेलेले शिपाई आहेत, माणसाची भाषा कळणारे कोल्हे आहेत, आणि दुसऱ्या भागात एक पंथ येतो, जो दोनशे वर्षं आपला देव लपवून जगलाय.

माझे आज्जा ८१ वर्षांचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेत. पूर्वी हरिविजय स्वतः वाचायचे, आता कुणीतरी वाचून दाखवावं लागतं. गेल्या पावसाळ्यात म्हणाले, "रोज रात्री काय लिहितोस ते वाच की." मी लाजत लाजत पहिलं प्रकरण वाचलं. मग रोजचंच झालं. ते पडवीत घोंगड्यावर बसतात, मी बल्बखाली. धुक्यातले मेलेले शिपाई त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, कोल्हे तर त्यांना आवडलेच. अडलं ते भलतीकडेच.

दुसऱ्या प्रकरणात मी लिहिलंय की आसाच्या वडिलांकडे १२,००० फौज होती. आज्जा म्हणाले, "त्याचं भात किती?" मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "माणसं एवढी सांगितलीस. ती खातात काय? खोऱ्यात भात किती खंडी पिकतं?"

सहाव्या प्रकरणात वेढा आहे, चार महिन्यांचा. त्यांनी विचारलं, कुठल्या महिन्यात बसला? मी लिहिलंच नव्हतं. "ज्येष्ठात बसला तर रोप कोण लावणार? वेढा घालायला आलेली माणसं कुणाच्या शेतातली?"

नवव्या प्रकरणाचा मला सगळ्यात अभिमान होता. मारेकरी रात्री वाड्यात शिरतो आणि ओसरीची जमीन पाखरासारखी गाते. तशा फळ्यांच्या जमिनी तिथे खरोखर आहेत, उगुइसुबारी म्हणतात. मी बाहेर मुसळधार पाऊस घातला होता. आज्जा म्हणाले, "पावसात फळी वाजत नाही. फुगते. चैत्रात वाजते."

आणि शेवटी सरदार निपुत्रिक भाऊ मागे ठेवून मरतो, घराणं बुडतं, तिथे ते नुसतं म्हणाले, "दत्तक का घेतला नाही?" आणि उठून गेले.

मला त्यांचा राग आला नाही. मी त्या रात्री झोपलो नाही. कारण त्यांचं बरोबर होतं. मी चार वर्षं तलवारींच्या मुठी, चिलखताच्या दोऱ्या, निशाणांवरची चिन्हं वाचत बसलो, आणि त्या सगळ्याखाली जे होतं त्याच्याकडे बघितलंच नाही. तेही भाताच्या शेतकऱ्याच्या घरात बसून.

तर विचारायचं ते असं: खऱ्या जपानात सरदाराची ताकद आणि भात यांचा संबंध नेमका कसा होता? मोजणी कोण करायचं, कशाने? मला कादंबरीचा इतिहास करायचा नाही. पण आज्जांनी पुन्हा थांबवू नये, एवढी ती खरी हवी.

राजहंसगड

मी येळ्ळूरचा. तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला, घरची साडेतीन एकर भातजमीन अजून कसतो. म्हणून तुमच्या आज्जांचा प्रश्न वाचला आणि जेवायचं ठेवून लिहायला बसलो.

दादा, तुमच्या आज्जांनी जो प्रश्न विचारला तोच प्रश्न जपानचे राज्यकर्ते एकमेकांना विचारत होते. तिथे सरदाराची मोठाई गावांनी किंवा मैलांनी सांगत नसत, तांदळाने सांगत. माप होतं कोकु. एक कोकु म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनात दीडशे किलोच्या आसपास. एका माणसाला वर्षभर लागणारा तांदूळ, असा त्यामागचा ठोकताळा. कोकुचे १० तो, एका तोचे १० शो, एका शोचे १० गो. जपानी भातकुकरबरोबर जो मापाचा पेला येतो तो आजही १८० मिलीलिटरचा, म्हणजे एक गोचा असतो. पुढे तोकुगावा घराण्याच्या शोगुनांच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशांच्या, काळात १०,००० कोकु किंवा त्याहून जास्त असेल तरच सरदाराला दाइम्यो म्हणत. कागा मुलखाचं माएदा घराणं दहा लाख कोकुंच्या वर होतं.

हे आकडे आले कुठून? तोयोतोमी हिदेयोशी हा साध्या पायदळ शिपायाचा मुलगा, पुढे सगळ्या जपानचा धनी झाला. १५८२ पासून पुढे त्याने मुलूखभर जमीन मोजून घेतली. मोजणीचं एकक तान. पूर्वी एका तानात ३६० बु (जमिनीचं लहान माप) असत, त्याने ३०० केले. आपल्या हिशेबात तान म्हणजे जेमतेम १० गुंठे. मग प्रत लावली. उत्तम भातशेताला तानामागे १ कोकु ५ तो, मध्यमला १ कोकु ३ तो, कनिष्ठला १ कोकु १ तो, त्याखाली आणखी एक प्रत. कोरडवाहू जमीन आणि घराची जागासुद्धा तांदळातच धरली, तिथे तांदूळ पिको न पिको. आपल्याकडे शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी काठीने जमीन मोजून प्रत लावली, ती याच जातीची गोष्ट. त्यांच्या आधी मलिक अंबरची होतीच.

आता आज्जांना हे सांगा: उत्तम जमिनीचे १० गुंठ्याला दीड कोकु, म्हणजे एकरी ९०० किलो तांदूळ. भात नव्हे, सडून पांढरा केलेला तांदूळही नव्हे, फक्त टरफल काढलेला. ते मनात ताडून बघतील आणि काय म्हणतात ते मला कळवा. मला फार उत्सुकता आहे.

कर गावावर बसे, एकेकट्या कुणब्यावर नाही. गावाचा एकूण आकडा ठरलेला, तो भरायची जबाबदारी सगळ्या गावाची, पुढे होऊन हिशेब देणारा गावचा मुख्य, आपल्याकडचा पाटील किंवा गावडा म्हणा. चार हिस्से धन्याचे आणि सहा रयतेचे, किंवा निम्मे-निम्मे, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी होती. फौजेची मागणीसुद्धा त्याच आकड्यावर. ढोबळ मानाने १०,००० कोकुंमागे अडीचशे माणूस. तुमचे १२,००० शिपाई उभे करायला ४,८०,००० कोकु लागतील. चाळीस गावांच्या खोऱ्यात ते कुठून येणार? आज्जांनी एका वाक्यात पकडलं ते हेच.

वेढ्याचं तर त्याहून महत्त्वाचं. भाल्याचे शिपाई बरेचसे शेतातूनच यायचे, त्यामुळे रोपलावणी आणि सुगी सांभाळून मोहिमा काढाव्या लागत. उलट बाजूने बघा: शत्रूला मारायचं तर त्याचं उभं भात कापून न्यायचं. याला तिथे नाव आहे, कारिता, म्हणजे कापलेलं शेत. आणि १५८१ मध्ये हिदेयोशीने तोत्तोरीच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा आधी आसपासचा तांदूळ चढ्या भावाने विकत घेतला गेला, असं सांगतात. किल्ल्यातल्यांनीही लोभाने कोठारातला विकला. मग त्याने वाटा बंद केल्या. आत माणसांनी घोडे खाल्ले, गवत खाल्लं, शेवटी किल्लेदाराने पोट चिरून घेतलं आणि उरलेल्यांची सुटका झाली. तलवार चाललीच नाही म्हणा ना. तुमच्या सहाव्या प्रकरणात धुक्यातल्या शिपायांच्या आधी एक धान्याचा व्यापारी येऊ द्या, भाव दुप्पट देणारा.

रविवारपेठ

व्यापाऱ्यावरून राहवलं नाही. आमचं धान्याचं दुकान आहे. ओसाकात दोजिमा म्हणून तांदळाचा बाजार होता. १७३० मध्ये शोगुनच्या सरकारने तिथल्या वायद्याच्या व्यवहाराला रीतसर मान्यता दिली. समोर पोतं नाही, नुसती कोठाराची चिठ्ठी, पुढच्या तारखेचा सौदा. आणि तिथले भाव दूरच्या गावांना डोंगरमाथ्यावरून निशाणं हलवून कळवत. एका टेकडीवरचा माणूस दुसऱ्या टेकडीवरच्याला बघून तेच हलवायचा. तुमच्या काळाच्या नंतरचं आहे, पण मुलूख मनातला आहे ना? तिसऱ्या भागात घ्या.

मलप्रभाकाठ

सर, तुमचं उत्तर काल रात्री आज्जांना दोनदा वाचून दाखवलं. ९०० किलोचा आकडा ऐकून ते बराच वेळ बोटांची पेरं मोजत होते. आमच्या तळाच्या शेतात बऱ्या वर्षी एकरी १८ पोती भात येतं, ७५ किलोचं पोतं. गिरणीत तांदूळ दोन तृतीयांश उतरतो. म्हणजे तेवढेच ९०० किलो! ते म्हणाले, "मग ती मोजणी करणारा माणूस रयतेचा नव्हता. आमच्या शेतात युरिया आहे, पाणी आहे. चारशे वर्षांमागे एवढं दरसाल कोण पिकवणार? वहीत चढवून लिहिलंय."

आणि एक प्रश्न त्यांनी तुम्हाला मुद्दाम विचारायला सांगितलाय. माप शिगेचं होतं की सपाट?

राजहंसगड

आज्जांना माझा नमस्कार सांगा. हा प्रश्न ज्याने भात मोजून दिलंय त्यालाच सुचतो.

सपाट होतं. माप म्हणजे लाकडी चौकोनी पेटी, मासु. भरली की वरून एक गोल काठी ओढायची आणि शीग खाली पाडायची. त्या काठीला तोकाकी म्हणतात. हिदेयोशीच्या आधी दर सरदाराची, दर देवळाची पेटी वेगळी. त्याने क्योटोची पेटी सगळीकडे लागू केली. पेटी एक झाली तरी काठी माणसाच्याच हातात राहते. हलक्या हाताने ओढली की दाणे वर राहतात, दाबून ओढली की जातात. आमच्या लहानपणी खळ्यावर वाटणीचं भात मोजताना पायली कोण धरतो यावरून भाऊ-भाऊ बोलायचे बंद झालेले मी बघितलेत.

चढवून लिहिण्याबद्दल: त्यांनी बोट ठेवलं ते खरं आहे. तो आकडा पिकाचा नव्हता, अपेक्षेचा होता. तानातले बु कमी केले की तेवढ्याच शेताचे तान वाढतात, हेही त्यांना सांगा.

रंदा-पटाशी

नमस्कार. शहापूरचा आहे, सुतारकाम. जुन्या माड्या उतरवायचं आणि दुरुस्तीचं काम वडिलांपासून.

आज्जा म्हणतात ते आपल्या माडीबद्दल शंभर टक्के खरं. फळीला फळी घासून जी करकर होते ती लाकूड वाळल्यावरच. पावसात सांधे आवळतात. पण गाणाऱ्या जमिनीत आवाज लाकडाचा नसतो. क्योटोच्या निजो वाड्यातली ती जमीन सगळ्यात प्रसिद्ध. वाडा १६०३ चा, तोकुगावा इएयासूने बांधलेला. तिथे फळ्यांच्या खालच्या अंगाला लोखंडी पकडी आहेत, त्यांतून खिळे आडव्या तुळईत गेलेत. पाय पडला की फळी केसभर खाली जाते, पकड खिळ्यावर घासते आणि चिवचिवते. लोखंडावर लोखंड. ते मुद्दाम तसं केलं की वर्षानुवर्षं झिजून वाजायला लागलं, यावर दोन मतं आहेत. मला कारागीर म्हणून वाटतं की आधी झिजून वाजलं असेल, मग कुणा शहाण्याने राहू दे म्हटलं असेल. तुमच्या गोष्टीत काहीही चालेल. पाऊस ठेवायचा असेल तर आवाज लोखंडाचा आहे, हे एका ओळीत येऊ द्या.

मारेकऱ्यासाठी एक सांगतो. फळी मधे वाकते, टेकूपाशी वाकत नाही. जुन्या माडीवर आम्ही चालतो ते भिंतीच्या कडेने आणि खिळ्यांच्या ओळीवर पाय ठेवून, कारण खिळा जिथे तिथे खाली तुळई. शहाणा चोर अंधारात तळपायाने खिळे चाचपत जाईल. तुमचा मारेकरी मधून धावत गेलाय असं दिसतंय. तो पकडला जाणारच.

खिळ्यावरून आठवलं. हिदेयोशीने १५८८ मध्ये शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या ना? हुकमात कारण दिलं होतं की या लोखंडाचे खिळे आणि पकडी करून क्योटोतल्या मोठ्या बुद्धाच्या देवळाला लावू, म्हणजे देणाऱ्याला पुण्य. राजहंसगड सर, बरोबर ना?

राजहंसगड

अगदी बरोबर. आणि खरा हेतू रयतेने पुन्हा उठू नये हा.

कित्तूरवाट

मी बैलहोंगल तालुक्यातली, घरात मराठी, दारात कन्नड. दत्तकाच्या प्रश्नावर लिहिते, कारण त्यावर तुम्ही कुणी बोललाच नाहीत आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे.

आज्जा "दत्तक का घेतला नाही" म्हणून उठून गेले, ते का, हे नंदगडच्या माणसाला सांगायला नको. कित्तूरचे शिवलिंगरुद्रसर्ज देसाई १८२४ च्या सप्टेंबरात वारले. मरायच्या आदल्या दिवसांत दत्तक घेतला होता. धारवाडचा इंग्रज कलेक्टर थॅकरे याने तो मानला नाही, खजिन्याला मोहोर लावली. २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या वेशीत तो मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला. ही लढाई देणाऱ्या कित्तूरच्या राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये वारल्या आणि त्यांच्या बाजूने लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये तुमच्या नंदगडातच फाशी दिलं. तिथल्या वडाखाली आजही लोक हात जोडतात. तुमच्या आज्जांनी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली आहे. घराणं बुडतं ते लढाईत नाही, कागदावर बुडतं, हे त्यांना माहीत आहे.

आता जपान बघा. तिथे दत्तक सर्रास होता. पुतण्या, जावई, दुसऱ्या घरचा कर्ता मुलगा, सगळे चालत. घराचं नाव महत्त्वाचं, रक्त नंतर. पण तोकुगावांनी सुरुवातीला मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक मानायचाच नाही असा नियम ठेवला. सरदार अचानक गेला आणि वारस आधी नोंदवलेला नसला की जहागीर खालसा. त्याच्या पदरचे शेकडो सामुराई एका रात्रीत बिनधन्याचे. अशा रोनिनांची संख्या इतकी वाढली की १६५१ मध्ये युइ शोसेत्सु नावाच्या लष्करी विद्येच्या शिक्षकाने त्यांना हाताशी धरून बंडाचा कट केला. कट फुटला, पण सरकार हललं, आणि त्याच वर्षी पन्नाशीच्या आतल्या सरदारांना शेवटच्या घटकेला दत्तक घ्यायची मुभा मिळाली.

म्हणून सरदाराच्या भावाला निपुत्रिक ठेवून सोडून देऊ नका. त्याला दत्तक घेऊ द्या. शाई ओली असताना प्राण जाऊ दे. मग राजधानीतला कारकून विचारू दे की आधी शाई वाळली की आधी श्वास थांबला. मला तर ते प्रकरण आत्ताच वाचावंसं वाटतंय.

कॅम्पातली बाई

बाळा, मी निवृत्त शिक्षिका. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, आसाच्या बोलण्याची. तू दुसऱ्या एका धाग्यात जो उतारा टाकला होतास त्यात ती "मी येते, मी बघते" असं बोलते. का रे? आपल्या बेळगावात बायका "मी येतो, मी करतो" म्हणतात. मी पुण्याला शिकायला गेलो तेव्हा वसतिगृहातल्या मुली मला बोलायला लावून हसायच्या. वर्षभर मी तोंड बंद ठेवलं होतं. पुढे कळलं की जपानीत "मी"ला कितीतरी शब्द आहेत, आणि माणूस कोण आहे, कुणापुढे उभा आहे, हे त्या एका शब्दावरून कळतं. सामुराई धन्यापुढे स्वतःला सोरेगाशी किंवा सेश्शा म्हणे, त्यांच्या घरातली बाई वारावा म्हणे. मराठीत तेवढे शब्द नाहीत, पण आपल्याकडे हे एक आहे. तुझी आसा पहिल्या पानापासून "मी येतो" म्हणू दे. खोऱ्यातल्या सगळ्याच बायका तसं बोलू देत. राजधानीत गेल्यावर तिला कुणीतरी हसेल, आणि वाचणाऱ्याला ती कुठली ते कळेल. तिकडे नावाला सामा, दोनो लागतात. तू सगळीकडे "महाराज" घातलंयस. आपण कुणालाही मान द्यायला शेवटी "री" लावतो, "या री, बसा री", ते रयतेच्या तोंडी घालून बघ.

दुसरी, देव लपवणाऱ्या पंथाची. ते कल्पनेतलं नाही, आणि आपल्यापासून लांबचंही नाही. माझ्या आईचं माहेर म्हापशाकडचं. दर ३ डिसेंबरला आम्ही जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या फेस्ताला जातो. अंजिरो नावाचा कागोशिमाचा एक माणूस खून करून पळाला आणि मलाक्काला झेवियरला भेटला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्यालाच बरोबर घेऊन झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. १५८२ मध्ये क्युशू बेटावरच्या ख्रिस्ती झालेल्या सरदारांनी चार पोरं रोमला पाठवली, तीही जाता-येता गोव्यात राहिली. त्यांतल्या हारा मार्तिन्योने १५८७ मध्ये गोव्यात लॅटिनमधून भाषण केलं. आणि १६१४ ला ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे लोकांना मेरीच्या चित्रावर पाय द्यायला लावत, जो कचरेल तो पकडायचा. ज्यांनी पाय दिला ते घरी जाऊन क्षमा मागायचे. मेरीची मूर्ती त्यांनी बौद्धांच्या कान्नोन देवीच्या रूपात ठेवली. पाद्री नाही, पुस्तक नाही, प्रार्थना नुसत्या तोंडी, एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे. १८६५ मध्ये नागासाकीत नवं चर्च झालं तेव्हा उराकामीची काही माणसं आत आली आणि एका बाईने पाद्र्याच्या कानात सांगितलं की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे. बंदी उठली १८७३ ला.

तू दोनशे वर्षं लिहिलंयस. ते खरोखर अडीचशे होते. तुझ्या पंथाच्या प्रार्थनेतले शब्द थोडे झिजव. अडीचशे वर्षं तोंडी राहिलेला शब्द पहिल्यासारखा राहत नाही. म्हणणाऱ्यालाही अर्थ माहीत नसतो, पण तो सोडत नाही.

मलप्रभाकाठ

तुम्हा सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण लिहीत होतो. लग्नसराई आहे, छापखान्यातून सुटायला नऊ वाजतात.

खोऱ्याचा आकडा ठरवला: चाळीस गावं, गावामागे ९०० कोकु, एकूण ३६,०००. म्हणजे माणूस ९००. बारा हजारांचे नऊशे झाल्यावर पुस्तक बारीक होईल अशी भीती होती. झालं उलटंच. नऊशे माणसांत मला जवळजवळ प्रत्येकाचं गाव सांगता येतं. वेढा आता भात पोटरीला आलं असताना बसतो. पहिल्या रात्री शत्रू किल्ल्याकडे येतच नाही. खाली शेतात विळ्यांचा आवाज येतो आणि तटावरची माणसं तो ओळखतात, कारण शेतं त्यांचीच आहेत. त्याआधीच्या प्रकरणात चढा भाव देणारा व्यापारी येऊन गेलाय. कित्तूरवाट ताई, शाईचं प्रकरण लिहितोय, ते सोपं नाही, वेळ लागेल. आसा आता "मी येतो" म्हणते. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वयंपाकघरातून माझी आई बाहेर येऊन उभी राहिली आणि पुढचं सगळं तिने उभ्यानेच ऐकलं.

आणि रंदा-पटाशी दादा, तुमच्या खिळ्यांनी माझं नववं प्रकरण बदललं. खऱ्या इतिहासात ते खिळे बुद्धाच्या देवळासाठी होते, निजोसाठी नव्हेत, हे लक्षात आहे. पण माझ्या मुलखात मी असं केलंय: आसाच्या आजोबांनी रयतेच्या तलवारी गोळा केल्या आणि वितळवून वाड्याच्या ओसरीचे खिळे केले. ती जमीन गाते ती म्हणून. बाकी सगळ्यांना पाखराचा आवाज येतो. आसाला म्यानातलं पोलाद ऐकू येतं, त्यामुळे तिला लहानपणापासून त्या ओसरीवर चाळीस गावांची माणसं ऐकू येतात, आणि ती कोण ते तिला कुणी सांगितलेलं नाही. मारेकरी भिंतीच्या कडेने, खिळे चाचपत येतो. त्याच्या तळपायाखाली त्याच्याच आज्ज्याची तलवार आहे. बाहेर पाऊस आहे.

हे परवा रात्री वाचलं. आज्जांनी मधे एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, माळ्यावरची जुनी पायली काढ. काढली, पुसून हातात दिली. काठावर बोट फिरवत ते बराच वेळ बसले होते. मग म्हणाले, वेढा उठल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी पेरलं काय? उभं कापून नेलं, कोठार रिकामं, मग बी कुठून आणलं?

राजहंसगड सर, याचं काही माहीत असेल तर लिहा. रविवारी अकरावं प्रकरण वाचायचंय.